टेंगूळ आलेली चिलापी

मे महिन्यात भिगवणची आत्या आठ दिवस राहायला आली आणि घरात प्रश्न पडला, हिला दाखवायचं काय? शनिवारवाडा तिनं पाहिलाय, सारसबाग पाहिलीय. मॉलबद्दल तिचं मत असं की, बाजार गार आहे, पण घासाघीस करायला माणूस नाही. शेवटी चिरंजीवांनी मत्स्यालयाचा ठराव मांडला.

मत्स्यालय म्हटल्याबरोबर बाबा चर्नी रोड स्टेशनवर उतरले. घरातल्या खुर्चीतूनच. त्यांच्या लेखी जगात मत्स्यालय एकच, तारापोरवाला. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलं, पारशी दात्यानं देणगी दिली, रस्ता ओलांडला की समुद्र, आणि शाळेच्या सहलीत तिथं त्यांचा पितळी डबा हरवला, या चारही गोष्टी ते सारख्याच गांभीर्यानं सांगतात. २०१५ साली तिथं अ‍ॅक्रिलिकचा बारा फुटी बोगदा झाला आणि २०२० साली करोनात दार लागलं ते लागलंच, हे त्यांना हळूच सांगावं लागलं. "म्हणजे डबा गेलाच," बाबा म्हणाले.

त्याच दिवशी पेपरातून एक पत्रक पडलं. शहरातल्या एका मैदानावर पाण्याखालचा बोगदा आला होता. 'चला समुद्राच्या तळाशी!' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'उपवासाचे पदार्थ मिळतील'. समुद्राला पुण्यात यायचं तर एवढी तयारी ठेवावीच लागते.

मैदानावर पत्र्याचा मांडव. दाराशी थर्माकोलचा शार्क, त्याचे दोन दात पाडलेले. त्या खिंडारात डोकं घालून पोरं फोटो काढून घेत होती. तिकिटाच्या खिडकीवर चिरंजीवांचं वय नऊवरून सहावर आलं. आमच्या पुढच्या कुटुंबातलं मिशी फुटलेलं पोरही अर्ध्या तिकिटात बसलं, तेव्हा मला उगाचच सहाच्याही खालचे आकडे सुचायला लागले.

आत उकाडा, जनरेटरची घरघर आणि रांगेनं मांडलेल्या काचेच्या टाक्या. इथून पुढे मी वाटाड्या झालो. पाटी वाचायची, मोबाइलवर चार ओळी पाहायच्या आणि जन्मजात ज्ञान असल्यासारखं सांगायचं, हे मला चांगलं जमतं. आत्याची भिगवणला सोलापूर रस्त्यावर मासळीची खानावळ आहे आणि तिचे दीर उजनीत जाळं टाकतात, हा तपशील त्या क्षणी मला महत्त्वाचा वाटला नाही.

"आत्या, हा बघ ऑस्कर. दक्षिण अमेरिकेतला."

आत्या काचेला नाक लावून म्हणाली, "चिलापी."

"अगं, ऑस्कर आहे तो. लिहिलंय बघ."

"आसंल की. शाळंतलं नाव आस्कर, घरी चिलापी."

पुढच्या टाकीत निळे-पिवळे आफ्रिकी मासे होते. तेही चिलापी. त्यापुढे एकट्याची टाकी, दिवे लावलेली, हार घातलेली. आत गुलाबी रंगाचा, कपाळावर मोठा उंचवटा असलेला फ्लॉवरहॉर्न. शेजारी उभ्या मुलानं पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली, हा मासा घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतो, वास्तुदोष शोषून घेतो, उंचवटा जेवढा मोठा तेवढी भरभराट. बायको एकदम लक्ष देऊन ऐकायला लागली. आमच्या स्वयंपाकघराची दिशा चुकलीय असं तिला कुणीतरी सांगितलंय. किंमत ऐकून मात्र मला वाटलं, संकट हेच आहे.

आत्या टाकीभोवती एक फेरी मारून आली. "ही बी चिलापीच. पर हिला टेंगूळ कशानं आलं? कुणी मारलं का काय?"

मुलगा दुखावला. मी बाजूला जाऊन गुपचूप मोबाइल काढला, आत्याची समजूत घालण्यासाठी. निघालं भलतंच. चिलापी म्हणजे तिलापिया, १९५२ साली आपल्याकडे आणलेला आफ्रिकी मासा. तो, ऑस्कर, ते निळे-पिवळे आणि हा वास्तुदोष शोषणारा, सगळे सिक्लिड नावाच्या एकाच कुळातले. फ्लॉवरहॉर्न तर कुठल्या नदीतला नव्हेच. मलेशियात १९९०च्या दशकात संकर करून माणसानं घडवलेला. थोडक्यात, लोक ज्या भावकीतला एक देव्हाऱ्यासारखा टाकीत बसवतात, त्याच भावकीतला दुसरा आत्या हळद-मीठ लावून तव्यावर टाकते. मी मोबाइल खिशात ठेवला आणि हे कुणाला सांगितलं नाही.

मग बोगदा. दुतर्फा आणि डोक्यावर पाणी, आणि प्रत्येक माणूस माशांकडे पाठ करून हात लांब केलेला. शिट्टीवाला "पुढं सरका, पुढं सरका" करत होता. वीस पावलांत समुद्राचा तळ संपतो. त्यातही समुद्रातलं काही नव्हतंच, पाणी गोडं आणि मासेही गोड्या पाण्यातले. पण डोक्यावरून लांबट, करडा, निमुळत्या तोंडाचा एक गेला आणि चिरंजीव ओरडले, "शार्क!" पाटीवरही शार्कच होतं.

"पंगस हाय ती," आत्या म्हणाली. "तळ्यात पाळत्यात. तुमच्या हाटेलात बासा म्हून देत्यात बघ."

मला गेल्या लग्नाच्या वाढदिवसाचं बिल आठवलं. लिंबाच्या चकतीवर, काट्याचमच्यानं, मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघांनी शार्क खाल्ला होता तर.

एवढ्यात आत्या थांबली. बोगद्याच्या छताला, बरोब्बर आमच्या डोक्यावर, एक काळा ठिपकेदार मासा तोंडानं चिकटून बसला होता. अंगावर चिलखतासारखे खवले.

"ह्यो मेला हितं कशाला पाळलाय?" आत्याचा आवाज बदलला. "ह्येनं आमचा धंदा बसवला. जाळ्यात घुसला की काट्यांनी जाळं फाडतो. कापून काढावं लागतं जाळं. खायला कुणी घेत न्हाई, इकायला जात न्हाई. धरणात न्हवता कधी, आता बघंल तिकडं ह्योच. कुठल्या भाड्यानं आणून सोडला, ते एकदा कळू दे मला."

मी छताकडे पाहिलं नाही. ओळख होती आमची. दुकानात त्याला सकर म्हणतात. बोटाएवढा असताना 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारतात. आम्ही तो चिरंजीवांच्या पाचव्या वाढदिवसाला दोन गोल्डफिशबरोबर आणला होता. गोल्डफिश आठवड्यात गेले. हा मात्र फूटभर झाला, टाकीत वळता येईना. मग एका संकष्टीला आम्ही सहकुटुंब भिडे पुलावर गेलो आणि त्याला मुठेत सोडलं. मुक्या जिवाला जीवदान दिलं म्हणून बायकोनं व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवलं, ऐंशी जणांनी हात जोडले. हवा गिळून श्वास घेता येत असल्यामुळे मुठेच्या पाण्यातही तगेल, असा तो मासा. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत जाते. भूगोल मला शाळेपासून येतो.

"बाबा," चिरंजीव मोठ्यांदा म्हणाले, "हा आपल्या माशासारखाच आहे ना? आपण सोडला तो?"

बोगद्यात आवाज फार घुमतो.

आत्या त्या रात्री जेवली नाही, असं नाही. जेवली. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली. जाताना चिरंजीवांच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि मला म्हणाली, "दिराचं जाळं साडेतीन हजाराचं हाय." पैसे मी पाठवले आहेत.

वाचकहो, तुमच्याही टाकीत काच साफ करणारा असेल आणि टाकी त्याला अपुरी पडू लागली असेल, तर तो दुकानदाराला परत द्या, मित्राच्या गळ्यात मारा, मोठी टाकी घ्या. पण पुलावर जाऊ नका. आणि गेलातच, तर भिगवणला जेवायला थांबू नका.