पणसाहेब

बोईसरच्या कुठल्याही सोसायटीत जा, गळकी टाकी, बंद लिफ्ट आणि एक पणसाहेब या तीन गोष्टी सापडतातच. टाकी आणि लिफ्ट बघताक्षणी कळतात. पणसाहेब ओळखायला त्याने तोंड उघडावं लागतं. "माझा विश्वास नाही, पण..." हे त्याचं पालुपद. त्यातलं 'विश्वास नाही' हे देवळाबाहेर काढलेल्या चपलांसारखं असतं. ते दारात काढून ठेवलं, की पुढच्या 'पण'ला गडी थेट गाभाऱ्यात.

आमच्या इमारतीतले पणसाहेब दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, बीएस्सी केमिस्ट्री. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची वीस सेफ्टी खात्यात. घरातल्या गॅसच्या शेगडीवरही 'धूम्रपान निषिद्ध'चं स्टिकर आहे. वहिनींनी ते दोनदा काढलं, त्यांनी तिसऱ्यांदा लावलं.

अशा माणसाला पालघर जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या भगतांचे पत्ते पाठ असावेत, याचं नव्या भाडेकरूंना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. कुणाच्या पोराचा ताप उतरेना, कुणाची सोयरीक जुळून मोडली, कुणाची म्हैस हरवली, की आधी त्यांचीच बेल वाजते. ते चष्मा पुसतात, विश्वास नसल्याचं निवेदन करतात आणि मग डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो तसा पत्ता सांगतात. "चिल्हार फाट्याला उतरा. तिथून मनोरकडे मिनिडोर. पुढे पाड्यापर्यंत पायी वीस मिनिटं. मंगळवारी जाऊ नका, म्हातारा शेतावर असतो. अमावास्येला गर्दी. नारळ इथूनच न्या, फाट्यावर महाग. आणि त्याला 'बुवा' म्हणू नका, 'बाबा' म्हणा."

"एवढी माहिती कशी हो तुम्हाला?"

"अहो, निरीक्षण! सेफ्टीवाल्याने सगळं बघून ठेवावं."

निरीक्षण मात्र खरंच बारीक. वारल्यांचा भगत म्हणजे सिनेमातला कवटीवाला मांत्रिक नव्हे, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं. तो एरवी चारचौघांसारखा शेतकरी. भात लावतो, नांगर धरतो. कुणी अडलं तरच सूप पुढे ओढतो, तांदळाचे दाणे घेतो, एकेका देवाचं नाव घेत दाणे मांडतो आणि जोडी लागली की एकटा उरला ते बघतो. पावसाचा नारनदेव, मोरपिसांचा हिरवा, धान्याची कणसरी, वेशीवरचा वाघोबा. यांतलं कोण रुसलंय ते दाण्यांवरून शोधायचं. पणसाहेबांच्या भाषेत हे 'सॅम्पलिंग'. दाण्यांनी भागलं नाही तर भगताच्या अंगात वारा येतो, तो घुमू लागतो आणि देव त्याच्या तोंडून बोलतो. ही 'डिटेल्ड इन्क्वायरी'. शेवटी नारळ किंवा कोंबडा. ही 'करेक्टिव्ह अ‍ॅक्शन'.

"बघा ना, सगळं फॉर्मॅटमध्ये आहे," ते म्हणतात. "आमच्या कंपनीत अपघाताची चौकशी होते ती याहून वेगळी नाही. फरक इतकाच, की भगत त्याच रात्री अहवाल देतो."

कायदाही त्यांना तोंडपाठ. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला तो कायदा त्यानंतर एकदाचा मार्गी लागला. त्याच कायद्यात जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचा सल्ला आणि जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे यांना मोकळीक आहे, हे पणसाहेब चवीने सांगतात. "आमच्या कंपनीची बोअर पाणाड्यानेच दाखवलेल्या जागी मारली. माझा विश्वास नव्हता, पण कायद्याची हरकत नव्हती." मात्र साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा, हेही तेच बजावतात.

बजावतात खरं. पण दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या रंगकामावरच्या झारखंडच्या पोराला साप चावला, तेव्हा त्यांनी पहिला फोन लावला तो बाबालाच. बाबाकडे मोबाइल आहे, डोंगरावर रेंजही लागते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बाबाची बोलणी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. "सापाचा माणूस माझ्याकडं कशाला आणतोस रे? सुई दवाखान्यात हाय, माझ्याकडं दाणे हाईत. पळ!" पोराला दवाखान्यात नेलं, तो वाचला. त्या दिवसापासून पणसाहेब ही हकीकत भगताच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतात. वास्तविक त्यात आधी भगताला फोन करणाऱ्याच्या अकलेचाही पुरावा आहे, पण तेवढा भाग ते गाळतात.

नोकरीत असतानाही त्यांचं असंच होतं. तारापूर म्हटलं, की बाहेरच्यांना १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं आणि रिअ‍ॅक्टर म्हणजे तोच, असं वाटतं. पण एमआयडीसीत केमिकल कंपनी म्हटली की रिअ‍ॅक्टर आलाच. आत काय शिजतंय ते वारा फिरला की आमच्या नाकाला कळतं. पणसाहेबांच्या कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीशिवाय वेल्डर ठिणगी पाडू शकत नसे आणि त्यांच्याच नारळाशिवाय शटडाऊननंतर प्लांट सुरू होत नसे. खंडेनवमीला झेंडूची माळ रिअ‍ॅक्टरला, पंपाला आणि अग्निशामक सिलिंडरलाही. ऑडिटरने एकदा विचारलं, की 'कन्झ्युमेबल्स'मध्ये दर महिन्याला सहा नारळ कसले? यांनी शांतपणे उत्तर दिलं, "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स."

चैत्रात ते डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जातात. पौर्णिमेपासून पंधरा दिवसांची ही यात्रा. मध्यरात्री वाघाडीच्या सातवी घराण्यातला पुजारी जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडचा ध्वज घेऊन मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर चढतो. खाली हजारो माणसं हात जोडून वर बघत असतात. पणसाहेबही बघतात, पण त्यांच्या कपाळावरचा घाम निराळ्या कारणाचा असतो. "अंधार, निसरडा कडा, हातात झेंडा! ना सेफ्टी बेल्ट, ना हेल्मेट, ना वर्क परमिट!" गेली पंधरा वर्षं ते त्या पुजाऱ्याला हार्नेस द्यायचा म्हणतात. देत नाहीत. "काय सांगावं, देवीला नसेल आवडत."

सोसायटीच्या प्रवेशद्वारात वारली चित्र काढायचं ठरलं तेव्हाही असाच घोळ झाला. चित्रकार गंजाडकडचा तरुण होता, पद्मश्री जिव्या सोमा म्हशे यांच्या गावचा. त्याने विचारलं, "लग्नाचा चौक काढू?" सेक्रेटरी हो म्हणणार तोच पणसाहेब मध्ये पडले. "तारपा काढ, नाचणारे काढ, ताडाचं झाड काढ, हवं तर आपली डहाणू लोकल काढ. चौक नको." का, तर चौकात पालघट देवी बसते. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, धवलेरीने गाणी म्हणायची, मग देवी येते. "ती एकदा आली आणि आपण नुसतेच पार्किंगचे भांडत बसलो, तर बरं दिसेल का? माझा विश्वास नाही, पण शिष्टाचार म्हणून काही आहे की नाही?" चित्रकार हसला. म्हणाला, "साहेब, मुंबईच्या हॉटेलात मी चाळीस चौक काढलेत. विश्वास नसलेला एवढा घाबरलेला माणूस पहिल्यांदा बघतोय."

मागच्या दिवाळीत त्यांचा पुतण्या आला. पुण्यात आयटीत असतो. दोन दिवसांचं 'शामन शिबिर' करून आला होता, बरोबर एक डफही. मायकेल हार्नर नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८० साली पुस्तक लिहून जगभरच्या शामनांच्या विद्येचा गाभा म्हणे वेगळा काढला, तो कुणालाही शिकता येतो. 'शामन' हा शब्द सैबेरियातल्या एवेंकी लोकांचा. शामन समाधीत जातो, त्याचा आत्मा देवलोकी प्रवास करतो, वगैरे. पणसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिकडे माणूस देवाकडे जातो?"

"हो काका."

"आमच्याकडे देव भगताकडे येतो. भाडं कुणाला पडतं ते तूच बघ. आणि फी किती दिलीस?"

पुतण्याने आकडा सांगितला. पणसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्यात बाबाने अख्ख्या एमआयडीसीचे दाणे बघितले असते."

दुसऱ्यांसाठी इतकी धावपळ करणारे पणसाहेब स्वतःसाठी मात्र कधी पाड्यावर गेले नव्हते. ती वेळ निवृत्तीनंतर आली. त्यांची झोप गेली. तिन्ही शिफ्टमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. रात्री अंथरुणावर पडायचा आणि कान टवकारून जागाच राहायचा. गोळ्या झाल्या, प्राणायाम झाला, तळपायांना तेल झालं. शेवटी एका शनिवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. "माझा विश्वास नाही, पण एकट्याने जायला बरं वाटत नाही." पिशवीत नारळ, अगरबत्ती आणि तांबडा कोंबडा. मिनिडोरमध्ये कोंबडा माझ्याच मांडीवर होता.

बाबा अंगणात सुतळी वळत बसला होता. सत्तरीचा, काटक. मोठ्या साहेबांना तो 'तू'च म्हणतो. त्या बोलीत 'तुम्ही'चं ओझं नाही. त्याने सूप घेतलं, दाणे मांडले, मोडले, पुन्हा मांडले.

"रातचा जागून काय करतोस?"

"काही नाही. ऐकत पडतो."

"काय ऐकतोस?"

पणसाहेब जरा अडखळले. "कुठे काही फुटलं का ते."

बाबाने दाणे गोळा केले. मग विचारलं, "तुझा इश्वास हाय का?"

चौतीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "विश्वास नाही, पण..."

"मग कोंब्याचा जीव कशाला घेऊ? घरी ने. पाळ." नारळ त्याने ठेवून घेतला. नारळाला जीव नसतो.

घरी वहिनींनी लगेच वाटण काढलं. पणसाहेब आडवे आले.

"देवाला बोललेला आहे."

"अहो, पण देवाने घेतला नाही ना?"

"घेतला नाही. पण बोललेला तर आहे!"

या मुद्द्यावर आजवर कोणत्याही धर्मशास्त्रात निर्णय सापडलेला नाही. कोंबडा गॅलरीत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्याने अशी बांग दिली, की तीन मजल्यांवरचे दिवे लागले. पण पणसाहेबांच्या घरातला दिवा लागला नाही. ते घोरत होते. वहिनी सांगतात, बांग ऐकली आणि त्यांनी कूस बदलली ती सरळ साडेआठपर्यंत.

मी विचारलं, हे कसं? म्हणाले, "सोपं आहे. शिफ्टमध्ये रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते, मग रात्र सरो नाहीतर दिवस. निवृत्त झालो, निरोप झाला, घड्याळही मिळालं, पण माझा चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. आता हा आरवला की वाटतं, रिलिव्हर आला. चार्ज दिला." जरा थांबून पुढे म्हणाले, "यात भगताचं काही नाही हं. योगायोग."

सोसायटीची सभा झाली. कुत्र्यामांजरांचे नियम निघाले, कोंबड्याचा निघाला नाही. ठराव बारगळला.

प्रश्न माझा होता. माझी खोली त्या गॅलरीच्या बरोबर वर. साडेचारला उघडलेला डोळा पुन्हा मिटेना. तीन आठवडे असे गेल्यावर परवा जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, "साहेब, तुम्हाला माहीतच आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण..."

पणसाहेबांनी चष्मा पुसला.

"शनिवारी निघू," ते म्हणाले. "नारळ घ्या. कोंबडा नको."