भावजींचं कोबोल

"काय हो वहिनी, काल रात्री दोनला तुमच्या वरच्या मजल्यावर दिवा! भावजी बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! अमेरिकेचा कॉल होता. रिटायर झाले म्हणून पेढे वाटले, आणि कंपनीने परत बोलावलं की कन्सल्टंट म्हणून. कोबोल येणारी माणसंच मिळत नाहीत म्हणे."

"पण आमचा धाकटा तर म्हणतो, ती कॉम्प्युटरची भाषा कधीच मेली."

"ह्यांच्यासमोर म्हणू नका हो! २०२० च्या एप्रिलात, ऐन कोरोनात, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनीच जाहीर सांगितलं, कोबोलवाले स्वयंसेवक हवेत. बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता, आणि सगळा कारभार जुन्या मशीनवर. ती बातमी ह्यांनी मला येताजाता ऐकवली. शेवटी म्हटलं, जा मग एकदाचे!"

"एवढं काय आहे हो त्यात?"

"पैसा! म्हणजे बँका, विमा, असले हिशेब. आमच्या चिरंजीवांचं ते पायथॉन. त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३ येत नाही. बरीच शून्यं लागतात आणि टोकाला एक ४. ह्यांनी ते स्क्रीनवर करून दाखवलं आणि वर, 'माझं कोबोल पैशाला दगा देत नाही.' मुलगा म्हणाला, पायथॉनमध्येही डेसिमल आहे की बाबा! झालं, जुंपली बापलेकांची. आमटी निवली माझी."

"आणि टेबलावर कुणा बाईचा फोटो आहे म्हणे?"

"तुमच्या कामवालीने सांगितलं ना? ग्रेस हॉपर ती, नौदलाच्या गणवेशातली. १९५९ मध्ये कोबोल ठरवायला मंडळी बसली, तेव्हा पुढ्यात हिची फ्लो-मॅटिक भाषा होती. हिशेबनीसालाही वाचता येतील अशी साधी इंग्रजी वाक्यं, आणि शेवटी पूर्णविराम! तो विसरला की रात्र गेलीच. ह्यांची वाणसामानाची यादी बघा: तूरडाळ, पूर्णविराम. गूळ, पूर्णविराम. बाई १९९२ सालीच वारली, म्हणून फोटो चालवून घेते."

"वरचा मजलाही कोबोलच्याच पैशातला का हो?"

"मग! वायटूकेचा. आधी वर्ष दोनच आकडी लिहायचे, जागा वाचवायला. २००० उजाडलं की ०० पाहून मशीनला १९०० वाटायची भीती. ते निस्तरायलाच तर हे तिकडे गेले होते. जगात काही बुडालं नाही, तर लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. रात्र रात्र जागून दुरुस्त्या केल्या म्हणून बुडालं नाही ना! धाकट्याला पाठवा हवं तर, फुकट शिकवतील. फक्त एकदा बसला की जेवायलाही सोडायचे नाहीत."

"पाठवते की. पण काय हो, आता तासाचे किती देतात भावजींना?"

"अगंबाई, गॅसवर दूध ठेवलंय मी! येते हं."