तीस तासांचं शहाणपण

‘ओई कुठली भरलीस?’ ‘जागा होती ती.’ पारनेरच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या मुलांचं हे बोलणं ऐकलं आणि पोटात कालवलं.

ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नव्या शैक्षणिक धोरणात बीएस्सीच्या मुलानं आपल्या विद्याशाखेबाहेरचा विषय घ्यायलाच हवा. मी या सक्तीच्या बाजूचा आहे. पदवीला सामान्य शिक्षणाची जोड द्या, हे राधाकृष्णन आयोगानं १९४९ मध्येच सांगितलं होतं. पाऊणशे वर्षांनी दार उघडलं, तर प्राध्यापक उंबऱ्यातच अडून बसलेत. ‘आमचाच सिलॅबस संपत नाही, त्यात हे कुठलं?’ असं एक सर म्हणतात. दुसऱ्यांचा वर्कलोड कमी पडत होता, तो भरला, ते खूश. तिसरे तासिका तत्त्वावर, हातात येईल तो पेपर शिकवतात. त्यांना बोल लावणार नाही. पगारी, कायम असलेल्या पहिल्या दोघांना मात्र लावणार.

सर, एकदा निघोजला चला. कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यात वाकून बघा. तळाशी गुळगुळीत गोटे दिसतील. भोवऱ्यात गरगरत याच गोट्यांनी काळा कातळ कोरला. काठावर मळगंगेचं देऊळ. तिची यात्रा, तिच्या आख्यायिका कोण शिकवणार, मराठीवाले की इतिहासवाले? पलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा. कुकडीचं आवर्तन कुणाला किती, हे भांडण समजून घ्यायला राज्यशास्त्राचं अख्खं सत्र लागेल. या पाण्यावर वाढलेली मुलं तुमच्या वर्गात बसतात आणि तुम्ही त्यांना नोट्स उतरवून देता!

पांडुरंग महादेव बापट १८८० मध्ये याच पारनेरात जन्मले. इंजिनिअरिंग शिकायला ते एडिंबरोला गेले आणि १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांसोबत उभे राहिले. लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं ते तिथूनच. यंत्रं शिकलेल्या माणसाला बुडणारं शेत दिसलं. आमच्या बीएस्सीच्या मुलाला ते दिसावं, एवढंच तर मागतोय.

दोन क्रेडिटचे तीस तास मिळतात. त्यातले सहा नदीपात्रात घ्या. भूगोल, मराठी, राज्यशास्त्र असे तिघं सर एकाच एसटीनं या. आणि विद्यापीठानं त्या दिवशीची हजेरी कातळावरच धरावी, तिघांचीही.