स्विंग कसा सुधारावा : इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

गोल्फचा स्विंग सुधारायचं मनावर घेतलेल्या माणसाने आधी एक गैरसमज काढून टाकावा. स्कोअर कमी करणं आणि स्विंग सुधारणं ही दोन वेगळी खाती आहेत. स्कोअर काय, एखाद्या सकाळी वारा पडलेला असला आणि दोन चेंडू झाडाला आपटून फेअरवेवर परत आले की कुणाचाही कमी होतो. स्विंग सुधारणं हे निष्काम कर्म आहे. ते पन्नाशीत हाती घेतलं तरी उरलेल्या आयुष्याला पुरतं, आणि त्याची सांगता झाल्याचं कुठल्याही क्लबात ऐकिवात नसल्यामुळे घाई करण्याचं कारण नाही.

साहित्याचं थोडक्यात आटपू. नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लब चालतात, तेव्हा १४ घ्यावेत. त्यांतला सात नंबरचा आयर्न सोडला तर बाकीचे आपल्याला जुमानत नाहीत, ही बाब घरी सांगू नये. ड्रायव्हरच्या डोक्याला ४६० घन सेंटिमीटरची कमाल मर्यादा आहे. ती पुरेपूर वापरावी. चेंडू मात्र महागातला घेऊ नये. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात (२०१९च्या आधी पाच मिळत), आणि पावसाळा संपतानाचं आपल्याकडचं गवत तीन मिनिटांत काही परत देत नाही.

गुरू एकापेक्षा जास्त असावेत. येरवड्याचं मैदान असो की खारघरचं, शनिवारी सकाळी ते फुकट मिळतात. हिरवी चटई, तिच्यात खोचलेली रबराची टी, शेजारी चेंडूंची बादली, आणि बादलीमागे चहाचे कप घेऊन उभे तिघं. आपण क्लब मागे नेला की पहिले म्हणतात, "उजवं कोपर अंगाजवळ ठेवा." दुसरे, ज्यांचा हँडिकॅप आपल्याहून चारने जास्त आहे, ते म्हणतात, "अहो, वजन डाव्या पायावर येऊ द्या की." तिसरे काहीच बोलत नाहीत, नुसती मान हलवतात, हे सर्वांत घातक. मग कॅडी, शक्य तेवढ्या अदबीने : "साहेब, डोकं वर आलं." चेंडू तोवर जेमतेम चाळीस यार्डांवर गवतात फरफटत थांबलेला असतो.

या सगळ्या सूचना पाठ कराव्यात आणि क्लब खाली येत असताना एकदम आठवाव्यात. वरून चेंडूपर्यंत यायला क्लबला साधारण पाव सेकंद लागतो. चेंडूला त्याचा प्रत्यक्ष स्पर्श होतो तो तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच. तो हातांना जाणवून मेंदूपर्यंत पोचेस्तोवर चेंडू कधीच निघून गेलेला असतो. एवढ्या अवधीत कोपर, वजन, मनगट आणि डोकं यांची दुरुस्ती होणं अवघड आहे, असं काही नास्तिक म्हणतात. त्यांच्या नादी लागू नये.

डोकं खाली ठेवण्याबद्दल तर शंकाच घेऊ नये. स्वीडनची ॲनिका सोरेनस्टॅम क्लब चेंडूला लागतो न लागतो तोच मान लक्ष्याकडे वळवायची. २००१ मध्ये तिने एका फेरीत ५९ फटके मारले; एलपीजीए टूरवर साठच्या आत उतरलेली ती पहिली. डेव्हिड डुवालची तीच खोड, आणि १९९९ मध्ये ५९ची फेरी त्यानेही केली. आपल्या कॅडीच्या हिशेबाने दोघांचेही फटके बिघडायला हवे होते. ते बिघडले नाहीत, ही त्यांची बेशिस्त.

आता स्लाइस. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक हौशी खेळाडूंच्या हातून सातत्याने होणारा हा एकमेव फटका आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बऱ्यापैकी निघतो आणि मग उजवीकडे वळत वळत थेट कुंपणाबाहेर जातो. यावर सर्वमान्य उपाय असा की, चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण थोडं डावीकडे तोंड करून उभं राहावं. हा उपाय जरूर करावा, कारण त्याने स्लाइस वाढतो. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः स्पर्शाच्या क्षणी क्लबचं तोंड कुठे बघतंय यावर ठरतं. तो हवेत कुठे वळणार, हे ते तोंड क्लबच्या वाटेपासून किती फटकून आहे यावर. तोंड वाटेच्या मानाने उजवीकडे उघडं राहिलं की चेंडूला उजवीकडची फिरकी मिळते. डावीकडे वळून उभं राहिलं की क्लबची वाट आणखी डावीकडे जाते, तोंड मात्र झेंड्याकडेच बघत राहतं, आणि दोघांमधली तेढ वाढते. मग पुढच्या रविवारी आणखी थोडं डावीकडे. काही हंगामांत माणूस जवळजवळ क्लबहाउसकडे तोंड करून उभा राहू लागतो; चेंडू तरीही उजव्या कुंपणाबाहेर.

शिकवणाऱ्यांच्या पुस्तकांत हे वर्षानुवर्षं उलटं छापलं जात होतं : चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि मग तोंडाच्या दिशेला वळतो, असं. रडारवर चालणारी ट्रॅकमॅनसारखी यंत्रं आली, मोजमापं झाली आणि ती समजूत मोडीत निघाली. आमचा सल्ला : जुनं पुस्तक आणि नवं यंत्र, दोन्हींचं ऐकावं, एकाच दिवशी.

काही व्यावसायिकांचे स्विंग मात्र मुद्दाम पाहू नयेत, श्रद्धा ढळते. अमेरिकेचा जिम फ्युरिक क्लब जवळजवळ उभा वर नेतो, तिथे एक गिरकी घेतो आणि मग भलत्याच वाटेने खाली आणतो. वडील सोडून त्याने कोच केला नाही. हा स्विंग घेऊन तो शनिवारी रेंजवर आला, तर चहावाले तिघं सुट्टी टाकून त्याला दुरुस्त करतील. त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ फटके मारले, पीजीए टूरवर आजवरचे सर्वांत कमी. आपल्याकडे शिवशंकर प्रसाद चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखायचे (हा क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना), आणि पोरगं तिथेच बघून बघून शिकलं. लांब मारणाऱ्यांत त्याची गणना कधी झाली नाही. ग्रीनच्या आसपासचं हलकं काम मात्र असं की चिपिंग आणि पटिंगवरून टूरवर त्याचं नाव 'चिपपटसिया' पडलं. इंडियन ओपन त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. दुसऱ्या वेळी सात फटक्यांनी. फुकट गुरू वेळेवर न भेटल्याने असं होतं.

याउलट इयन बेकर-फिंच हा या मार्गदर्शिकेचा आदर्श. या ऑस्ट्रेलियनाने १९९१ची ब्रिटिश ओपन जिंकली, आणि मग आपण आणखी लांब मारायला हवं असं त्याच्या मनाने घेतलं. स्विंग बदलायला घेतला. १९९५ मध्ये सेंट अँड्रूजच्या पहिल्या टीवरून त्याने चेंडू डावीकडे हद्दीबाहेर मारला. तिथे पहिला आणि अठरावा फेअरवे एकमेकांना लागून आहेत, मध्ये काही नाही; गोल्फमध्ये एवढी रुंद जागा क्वचितच मिळते. १९९७ला रॉयल ट्रूनवर पहिल्या फेरीत ९२ झाले, आणि तो स्पर्धेतून बाहेर पडला. सरावात म्हणे तेव्हाही सुरेख मारायचा. हे लिहिताना खरं तर वाईट वाटतं, इतका सज्जन माणूस.

टायगर वुड्सचं उदाहरण आम्हाला अडचणीचं आहे. १९९७ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकल्यावर त्याने तोच स्विंग मोडून पुन्हा बांधला, पुढे कोच बदलून पुन्हा मोडला, पुन्हा बांधला, आणि दोन्ही वेळा जिंकत राहिला. वाचकांनी हा परिच्छेद अपवाद समजून सोडून द्यावा.

स्विंग पुरेसा सुधारला की स्पर्धा. व्यावसायिकांच्या बहुतेक स्पर्धा गुरुवार ते रविवार चालतात, ७२ होल. ३६ होल झाले की कट लागतो. खालच्यांनी घरी जायचं, आणि सहसा रिकाम्या हाताने. इथे एक धोका लक्षात ठेवावा : कार्डावर तीनशे यार्डांचा ड्राइव्ह आणि दोन इंचांचं पटिंग यांची किंमत एकच असते. हेल अर्विनने १९८३च्या ब्रिटिश ओपनमध्ये असाच दोन इंचांवरचा चेंडू निष्काळजीपणे ढकलायला पटर फिरवला, तो चेंडूला लागलाच नाही, आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. रोबेर्तो दे विसेन्झोचं तर १९६८च्या मास्टर्समध्ये मारण्यात काहीच चुकलं नव्हतं. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले, सोबतच्या खेळाडूने कार्डावर चार लिहिले, आणि त्याने न पाहता सही केली. नियमाप्रमाणे चार धरले गेले, प्लेऑफ हुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. आणि १९९९ला कार्नुस्टीवर फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द. शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी, सहा फटके चालणार होते. त्याने पुन्हा ड्रायव्हर काढला. थोड्या वेळाने तो पँट वर करून ओढ्याच्या पाण्यात अनवाणी उभा होता, चेंडू तिथून मारता येईल का बघत. सात झाले, आणि प्लेऑफमध्ये करंडक पॉल लॉरीने नेला.

या तिघांपैकी एकाचाही स्विंग त्या वेळी सुधारण्याजोगा नव्हता. तरीही इच्छुकांनी विचलित न होता सोमवारी नवा कोच शोधावा. पीजीए टूरवरची मंडळी आठ फुटांवरून साधारण निम्म्या वेळाच चेंडू आत घालतात, हे ऐकून पटिंगच्या सरावाकडे वळण्याचा मोह होईल, तो आवरावा.

वर्षभरात तुमचा हँडिकॅप ५४च्या कमाल मर्यादेकडे सरकू लागला तर मार्गदर्शिका लागू पडली असं समजा. उतरू लागला, तर तुम्ही सूचना पाळलेल्या नाहीत. अशांची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.