तिकिटावरच्या 'एक तास पस्तीस मिनिटां'ना अनावृत पत्र

श्री. एक तास पस्तीस मिनिटे,
मु. पो. विमानाचं तिकीट, मुंबई–नागपूर यांसी,
सा. न. वि. वि.

आपली कीर्ती ऐकून आहे. आगगाडीनं नागपूर ८३७ किलोमीटर पडतं आणि अख्खी रात्र खातं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पुरता खुला झाला, तरी तो भिवंडीजवळ आमण्याला आणून सोडतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. हवेतलं अंतर मात्र सातशेच्या आतच, आणि आपण ते चहा संपेस्तोवर उरकता!

फक्त एक शंका. विमान ताशी आठशेच्या आसपास उडतं. चढउतार धरूनही सव्वा तासात काम आटपायला हवं. मग वरची वीस मिनिटं कोणाची? चौकशीअंती कळलं, की आपण नुसता उडण्याचा वेळ नाहीच. विमान जागेवरून मागं ढकलल्यापासून नागपुरात थांब्यावर उभं राहीपर्यंतचं सगळं आपल्या खात्यावर. पुढच्या विमानांची शेपटं न्याहाळत रांगेत बसणं, तेही आपलंच. यात मुंबईचा नाइलाज आहे, हे मान्य. दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्यावर कंपन्या थोडी मिनिटं हातची राखून आपल्यात भरतात. मग उशिरा सुटलेलं विमानही 'नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी' पोहोचतं आणि आम्ही भाबडे खूश होतो. शिवाय पंधरा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. आमच्या कचेरीत हाच नियम लागू करावा, असा अर्ज मी दिला आहे.

आता जे आपल्यात नाही, त्याविषयी. डोंबिवलीहून विमानतळ गाठणं, काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणून त्याच्याही आधी पोहोचणं, कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवणं, उतरल्यावर दुसऱ्या पट्ट्यावर बॅगेची वाट बघणं. यात आपण कुठेच नसता. मोठ्या माणसांचं असंच असतं. फीत कापायला येतात, खुर्च्या उचलायला थांबत नाहीत.

१९४९ साली रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली, ती आपल्याला आठवत असेलच. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून विमानं निघत, मध्यरात्री नागपुरात जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. ती डाकोटा विमानं आजच्या जेटपेक्षा कितीतरी संथ. पण पत्राला ना ओळखपत्र लागे, ना सात किलोंच्या हातबॅगेवरून कुणी अडवे. पुढच्या खेपेस अंगाला तिकिटं चिकटवून पेटीतच पडावं म्हणतो.

नागपुरात झिरो माइलपाशी गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. त्या दगडानं किती वेळ लागेल हे कधीच सांगितलं नाही, म्हणून त्याचा शब्द अजून टिकून आहे. आपणही काही काळ नुसते किलोमीटर सांगून पाहावेत, ही नम्र सूचना.

आपला,
खिडकीच्या जागेचे वेगळे पैसे भरून पंखच बघत आलेला प्रवासी

ता. क. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की भाडं चढतं, आपण मात्र तेवढेच राहता. जास्तीचे पैसे नेमक्या कोणत्या मिनिटांचे, तेवढं उलटटपाली कळवावं.