साहेबाची चूक, आपला पुरावा

साहेबाच्या देशात सरकारी चूक होतच नाही, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. मेलेला माणूस जिवंत आणि जिवंत माणूस मेलेला सापडावा तो आपल्या तलाठ्याच्या दप्तरात. तिकडे सगळं कसं चोख! सुट्टीला येणारे लंडनकर पुतणे-भाचे ही समजूत दरवेळी पक्की करून जात. अलीकडे मात्र ही मंडळी या विषयावर जरा गप्प असतात.

कारण आहे एक कार्ड. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना मिळालेल्या परदेशी माणसाच्या हातात २००८ पासून ‘बीआरपी’ नावाचं कार्ड पडू लागलं. पुढे तिथल्या गृहखात्याने ठरवलं, की आता सगळं डिजिटल, कार्डं बंद. म्हणून कार्डांवर मुदत छापली ३१ डिसेंबर २०२४. तुमचा परवाना २०२७ पर्यंतचा असो की कायमचा असो, कार्ड मात्र २०२४ साली मरणार! म्हणजे तारीख चुकून चुकली नाही, खात्याने ती विचारपूर्वक चुकवली. आपल्या कारकुनाला हे जन्मात सुचलं नसतं. तो बिचारा अजून एकेक चूक हाताने करतो.

तारीख जवळ आली तशी लोकांनी कार्डाऐवजी आलेल्या ई-व्हिसाची खाती उघडली. कुणाला आत शिरताच येईना, तर कुणाला आपल्या खात्यात दुसऱ्याचीच माहिती दिसू लागली. तक्रारी वाढल्यावर खात्याने मन मोठं केलं: संपलेलं कार्ड प्रवासाला ३१ मार्च २०२५ पर्यंत चालेल. मग म्हणे, १ जूनपर्यंत चालेल. मेलेल्याला मुदतवाढ, तीही दोनदा. आमच्या तलाठ्याने मनातल्या मनात मुजरा केला असेल.

आता तिकडे माणसाच्या हातात कागद नाही, कार्ड नाही. आहे तो नऊ अक्षरी शेअर कोड. नोकरीसाठी ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा, भाड्याच्या घरासाठी ‘आर’ने, बाकी कामांसाठी ‘एस’ने. नव्वद दिवसांनी तो शिळा होतो. मग पुन्हा ताजा काढायचा. आणि त्यामागच्या नोंदीतच चूक असली तर? तर ऑनलाइन अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

त्यात आपली मराठी नावं. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि बाकी सगळ्या नावाचा एक. त्या दुसऱ्या रकान्यात आपण स्वतःच्या नावामागे वडिलांना नाहीतर नवऱ्याला बसवतो. नवऱ्याचं नाव सुनील असलं, तर तिकडच्या यंत्रणेला वाटतं, ही बाई स्वतःच सुनील आहे. बँकेत सुनील नाही, ई-व्हिसात आहे, नोकरीच्या पत्रात नुसता ‘एस.’ आहे. मग या तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यात तिची दुपार जाते, आणि घरी बसलेल्या खऱ्या सुनीलला त्याचा पत्ताही नसतो.

महसूल खात्यातून निवृत्त झालेले काका व्हिडिओ कॉलवर सल्ला देतात, “अरे, पाचशेच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दे. आणि साहेबाला समक्ष भेट!” काका, साहेब नाही. टेबल नाही, खिडकी नाही, खिडकीबाहेर झेरॉक्सवालाही नाही. ओळख काढायची कुणाची? आपल्याकडची कचेरी निदान माणसाला हाकलते तरी; हाकलायला समोर माणूस लागतो.

तरी आपल्या मंडळींनी दुःख करू नये; मान आधीच दुसऱ्यांना मिळालेला आहे. कॅरिबियन बेटांतून काही दशकांपूर्वी, बहुतेक लहानपणीच, रीतसर आलेल्या लोकांना ब्रिटनच्या गृहखात्याने विचारलं, की तुम्ही कधी आलात ते दाखवा; दर वर्षाचा पुरावा आणा. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डं खात्याकडेच होती. ती खात्याने २०१० मध्ये नष्ट करून टाकली होती! लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे ‘विंडरश’ प्रकरण इतकं तापलं, की गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. कागद जाळायचा त्यांनी आणि राख मागायची तुमच्याकडे, ही वहिवाट तिथे जुनी आहे.

या सगळ्यात दंड मात्र अगदी चोख ठरलेला आहे. राहण्याचा हक्क नसलेल्याला इंग्लंडमध्ये खोली भाड्याने दिली, तर घरमालकाला पहिल्या खेपेला माणशी दहा हजार पौंडांपर्यंत दंड. काम करण्याचा हक्क नसलेल्याला नोकरी दिली, तर माणशी पंचेचाळीस हजारांपर्यंत. फेब्रुवारी २०२४ पासूनचे हे दर. पडद्यावर फोटो एकाचा आणि नाव दुसऱ्याचं दिसलं, की शहाणा घरमालक वाद घालत नाही. खोली दुसऱ्याला देतो.

पडद्यावर ते चुकीचं नाव ज्याने चढवलं, त्याच्यासाठी दरपत्रकात ओळ नाही. ती घालावी, अशी आमची ब्रिटिश अर्थमंत्र्यांना नम्र सूचना आहे. दर नोंदीमागे फार नको, शंभरच पौंड. कर न वाढवता तिजोरी भरेल. आणि रक्कम चुकून दुसऱ्याच खात्यात जमा झाली, तर त्यांनी नव्वद दिवसांत पुराव्यासह ऑनलाइन अर्ज करावा.