भरीत पार्टी : व्यवस्थापन की नेतृत्व?

थंडी पडली, की जळगाव जिल्ह्यात प्रकल्प राबवण्याचा मोसम सुरू होतो. प्रकल्प भरीत पार्टीचा, स्थळ कोणाचा तरी मळा. ‘येतो’ म्हणणारे चाळीस, येणारे साठ. इच्छुकांनी पुढील पाठ गिरवावेत.

१. खरेदी. व्यवस्थापकाने माणशी अर्धा किलो वांगी धरून हिशेब मांडावा आणि खान्देशी भूक आठवून तो खोडावा. नेत्याने फक्त म्हणावे, “वांगी बामणोदचीच पाहिजेत भो!” जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही सुनवावे. बामणोदला कोण जाणार, हा व्यवस्थापनाचा प्रश्न.

२. भाजणी. कपाशीच्या वाळक्या काड्या व्यवस्थापकाने आदल्या दिवशीच आणून झाकून ठेवाव्यात आणि जाळावर माणूस नेमावा. नेत्याने वारा पाहून खुर्ची टाकावी. धूर कुठे जाणार हे आधी ओळखणे, यालाच दूरदृष्टी म्हणतात.

३. सोलणी. वांगी चटका देतात, काळी साल नखांत जाते. नेमका तेव्हाच व्यवस्थापकाला तेलाचा डबा तपासायचा असतो आणि नेत्याला फोन येतो. मग कोणी आप्पा बाह्या सारून खाली बसतात, पाण्यात बोटे बुडवत सोलू लागतात. बघता बघता भोवती दहा जण जमतात. अशा माणसापासून सावध राहावे. त्याच्याकडे पद नसते, तरी लोक त्याचे ऐकतात.

४. धोक्याचा इशारा. असा माणूस वाढला तर काय होते, ते धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाड्याला पाहावे. चैत्राम पवारांसोबत गावाने कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, जंगलाची राखण केली. उजाड डोंगर हिरवे झाले. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. दंड आणि राखण हे व्यवस्थापन. गावाने ते आपलेच मानले, हे नेतृत्व. दोन्ही एकाच ठिकाणी नांदू लागले, तर आमच्या समित्यांनी करायचे काय?

५. पंगत. नेत्याने पहिल्या पंगतीत केळीच्या पानावर बसावे आणि “हे सर्वांचे यश” म्हणावे. व्यवस्थापकाने शेवटी बसावे. तोवर भरीत संपते, पुऱ्या उरतात. तिखट जास्त झाले असल्यास जबाबदारी त्याचीच.

पुढच्या वर्षीची तारीख मात्र दोघांनीही आप्पांना विचारूनच ठरवावी.